फ्लोट काच 4+4 मिमी फ्यूज करताना (भट्टीत वितळवून जोडताना) मधोमध मोठा फुगा येतोय, हवा नेमकी कुठे अडकते?

तावदान:

भिंतीवर लावायची 30 × 30 सेंमीची पॅनेलं करतोय. बाजारातली साधी, खिडकीची फ्लोट काच, खाली 4 मिमी आणि वर 4 मिमी, दोन्ही एकाच शीटमधून कापलेल्या. मध्ये तांब्याच्या पट्ट्यांची नक्षी आणि चहाच्या गाळणीने भुरभुरवलेली निळी इनॅमल पावडर. पट्ट्या हलू नयेत म्हणून टोकांना पांढऱ्या गोंदाचे ठिपके.

भट्टी आतून 45 × 45, उंची 25 सेंमी. एलिमेंट झाकणात आहेत आणि चारही भिंतींतही. शेल्फ कॉर्डिअराइटची (आच सोसणारी सिरॅमिक). तिच्यावर खडूची पूड पाण्यात कालवून ब्रशचे दोन हात. प्रोग्रॅम असा आहे:

ताशी 150 डिग्रीने 600 पर्यंत, होल्ड (तिथेच धरून ठेवणं) नाही
ताशी 250 ने 840, होल्ड 20 मिनिटं
पूर्ण वेगाने खाली 550, होल्ड 45 मिनिटं
ताशी 60 ने 400, मग बंद

काच तडकत नाही, कडा छान गोल होतात. पण जवळजवळ मध्यावर 5-6 सेंमी रुंदीचा फुगा येतो, अर्धा सेंमी तरी वर उठलेला. तांब्याच्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना बारीक बुडबुड्यांची रांग, त्यांना करडी झाक. एका पॅनेलमध्ये फुगा फुटून आरपार भोक पडलं, भोकाच्या कडा जाड आणि गोल.

840 ला आणखी वेळ धरला तर बुडबुडे वर येऊन निघून जातील का? की तापमान कमी करू? फायबर पेपर (आच सोसणारा सिरॅमिक कागद) टाकला तर हा प्रश्नच संपतो असंही कानावर आलंय.

भट्टीपाशी:

840 ला धरून ठेवलं की बुडबुडे निघून जातील, हे आधी डोक्यातून काढा. कारखान्यात बुडबुडे वर येऊन निघतात ते 1400-1500 डिग्रीला, आणि तिथली काच तुमच्या 840 च्या काचेपेक्षा हजारो पटींनी पातळ असते. 840 ला काच एवढीच मऊ असते की बुडबुड्याला फुगता येतं. वर चढून बाहेर पडता येत नाही. तिथे जितकं थांबाल तितका वरचा पापुद्रा पातळ होणार आणि शेवटी भोक. हवा काढायची ती कडा एकमेकींना चिकटायच्या आत.

हिशोब करून बघा. 30 × 30 म्हणजे 900 चौ. सेंमी. मध्ये तांबं आणि पावडर असली की दोन थरांत सरासरी 0.1 मिमी फट सहज राहते. म्हणजे 9 घन सेंमी हवा. फ्लोटच्या कडा 720 च्या आसपास सगळीकडून मिटल्या आणि फट तोवर तेवढीच असली, तर ही 9 घन सेंमी हवा आत कैद झाली. काच मऊ होत गेली की ती पसरलेली राहत नाही, एका जागी गोळा होते. 9 घन सेंमीचा घुमट म्हणजे साधारण 6 सेंमी रुंद आणि 6 मिमी उंच. तुम्ही दिलेलं माप जवळपास तेच आहे.

वरच्या काचेच्या वजनाने ती दाबून राहील म्हणाल, तर 4 मिमी काच म्हणजे दर चौ. सेंमीला 1 ग्रॅम फक्त. बाहेरच्या हवेचा दाब दर चौ. सेंमीला हजार ग्रॅमच्या वर. 720 डिग्री म्हणजे 993 केल्विन. तिथे बंद झालेली हवा एका डिग्रीने तापली की तिचा दाब हजारात एकाने वाढतो. म्हणजे वरची काच उचलायला एक डिग्री पुरते, आणि तुम्ही तिथून पुढे 120 डिग्री चढताय. काच घट्ट असेपर्यंत उचलली जात नाही एवढंच, मऊ झाली की जिथे सगळ्यांत गरम तिथे उठते. झाकणात एलिमेंट असल्याने ते बहुतेक मध्यावरच.

आता पॅनेल उलटं करून सांगा. फुग्याच्या खालची बाजू सपाट, शेल्फची खूण उमटलेली आहे का? असेल तर हवा दोन थरांच्या मधली. खालून वाटीसारखं पोकळ असेल आणि दोन्ही थर मिळून वर उठले असतील, तर हवा शेल्फ आणि काच यांच्या मधली. दोन्हींचे उपाय वेगळे. भोक पडलेलं पॅनेल या दृष्टीने जरूर बघा. आणि तांब्याची पट्टी कुठली? साधी फॉइल, की स्टेन्ड ग्लासच्या कडेला लावतात ती मागे चिकट असलेली?

सव्वासूत:

उत्तर यायच्या आधी एक गोष्ट. फ्यूजिंगला खडू वापरू नका.

खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. 700 च्या पुढे हे जाणवायला लागतं आणि 825-840 ला जोरात चालतं. म्हणजे तुमची काच सगळ्यांत मऊ असते आणि कडा शेल्फला टेकून बसलेल्या असतात, नेमका तेव्हाच खालून गॅस. साच्यात काच नुसती वाकवायची असते तेव्हा तापमान खाली राहतं आणि साच्याला भोकं असतात, म्हणून तिथे खडू चालून जातो. ती सवय फ्यूजिंगमध्ये आली की गडबड होते.

त्याऐवजी अॅल्युमिना हायड्रेट आणि चिनी माती यांचा किल्न वॉश, म्हणजे काच शेल्फला चिकटू नये म्हणून द्यायचा लेप. तयार मिळाला तर उत्तम. घरी करायचा तर दोन भाग अॅल्युमिना हायड्रेट, एक भाग चिनी माती, वजनाने नाही तर मापाने. या कोरड्या मिश्रणाच्या एका भागाला पाच भाग पाणी. दुधापेक्षा दाट नको. मऊ रुंद ब्रशने चार-पाच पातळ हात, प्रत्येक हात आधीच्याच्या आडव्या दिशेने, आणि ब्रश दर वेळी भांड्याच्या तळापासून ढवळून, कारण अॅल्युमिना लगेच खाली बसतो. मग रिकामी शेल्फ भट्टीत 260 ला अर्धा तास, झाकण बोटभर उघडं. पावसाळ्यात हे टाळायचं नाही, कॉर्डिअराइट दमट हवेत पाणी पिऊन बसते आणि वरून कोरडी दिसते.

एक बारकावा: अॅल्युमिना हायड्रेटमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी बांधलेलं असतं, ते 200 ते 300 डिग्रीत सुटतं. चिनी मातीचं 450 ते 600 मध्ये. दोन्ही वेळा काच अजून घट्ट आणि कडा उघड्या, म्हणून वाफ निघून जाते. खडूचं वेळापत्रक उलटं आहे, भांडण एवढंच.

फुल फ्यूज (काचा पूर्ण वितळून एकजीव होणं) झाल्यावर तो थर खरवडून नवा द्या. दुसऱ्यांदा वापरला तर चिनी माती काचेच्या पाठीला चिकटते. खरवडताना तोंडाला एन-95, आणि कोरडं झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.

शेल्फ सपाट आहे का तेही बघा. स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही तिरक्या अशी धारेवर उभी ठेवायची, मागे मोबाइलचा टॉर्च. खालून प्रकाश दिसला की खड्डा. 10 सेंमी रुंद आणि मध्यावर फक्त अर्धा मिमी खोल खड्ड्यात 2 घन सेंमी हवा मावते, तेवढी पुरते. वेगवेगळ्या पॅनेलांत फुगा शेल्फच्या एकाच जागी येत असेल तर संशय शेल्फवरच घ्यायचा. शेल्फच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवा म्हणजे कळेल.

तावदान:

सगळी पॅनेलं उलटी करून पाहिली. बहुतेकांत खालची बाजू सपाट आहे, फुगा फक्त वरच्या थरात. भोक पडलेलं तेवढं वेगळं, दोन्ही थरांतून आरपार आणि खालून खोलगट. स्टीलच्या पट्टीच्या खालून शेल्फच्या मधोमध प्रकाशाची बारीक रेघ दिसते.

तांबं चिकट पट्टीचंच आहे, 6 मिमी रुंद. मागचा कागद काढून खालच्या काचेला चिकटवतो, वर चढते तिथे गोंदाचा ठिपका. काच कापताना कटरला रॉकेल, नंतर भांड्याच्या साबणाने धुऊन सुती फडक्याने पुसतो.

भट्टीपाशी:

मग तीन वेगळे प्रश्न आहेत, ते एकत्र करू नका. भोकाचं सव्वासूत यांनी सांगितलंच: खड्डा आणि खडू. उरले दोन, मोठा फुगा आणि करडी रांग.

करडी रांग चिकटवणीची. त्या पट्टीच्या पाठीवरचा गोंद दोन काचांमध्ये बंद जागेत जळतो, हवा पुरत नाही म्हणून पूर्ण जळत नाही, काजळी मागे राहते. करडी झाक म्हणजे तीच. तुमच्या पांढऱ्या गोंदाचंही तेच. चिकट पट्टी वापरायचीच असेल तर अॅसिटोनमध्ये भिजवून गोंद पूर्ण खरवडून काढा. त्यापेक्षा साधी तांब्याची फॉइल आणून कात्रीने कापलेली बरी. फॉइल काचेवर ठेवून चमच्याच्या पाठीने घोटून अगदी सपाट करायची, कापताना वळलेली धार विशेषतः, कारण त्या वळलेल्या धारेखाली लांबच लांब नळी तयार होते आणि बुडबुड्यांची रांग तिथूनच येते. 6 मिमी पट्टीला सुईने सेंमी-सेंमीवर टोचे मारले तर आणखी चांगलं. एकावर एक पट्ट्या चढवू नका. छेद येतो तिथे एक पट्टी तोडून दुसरीला भिडवा. आणि काचेच्या कडेपासून नक्षी 10-12 मिमी आत थांबवा.

नक्षीत बंद आकार असला, म्हणजे वर्तुळ किंवा चौकट, की आतली हवा पट्टीच्याच भिंतीत अडकते. बंद आकाराला 2-3 मिमीचं एक तोंड ठेवायचं, कडेच्या दिशेने. डिझायनर मंडळींना हे आवडत नाही, पण फ्यूज झाल्यावर ती फट डोळ्याला सापडतही नाही.

गोंदाशिवाय पट्टी हलते, खरंय. भट्टीतच मांडणी करा, शेल्फ बाहेर जुळवून आत उचलून नेऊ नका, मग गोंद लागतच नाही. अगदीच हवा तर सीएमसी (सेल्युलोजचा गोंद) पाण्यात पातळ करून, दातकोरणीच्या टोकाएवढा, आणि वरची काच ठेवायच्या आधी पूर्ण वाळू द्यायचा.

पावडर. दोन थरांच्या मध्ये सैल पावडर म्हणजे कणाकणांत हवा. इनॅमल आधी एकट्या खालच्या काचेवर चाळून पावडर देणाऱ्याने सांगितलेल्या तापमानाला भाजून घ्या, बऱ्याच इनॅमलना 580 ते 620 पुरतं. तेलात किंवा गोंदाच्या पाण्यात कालवलेलं असेल तर 400 पर्यंत झाकण फटभर उघडं. गुळगुळीत झाल्यावर मग तांबं आणि वरची काच.

धुणं: फ्लोटच्या शीटवर कारखान्यातून येतानाच बारीक प्लास्टिकच्या कणांची पावडर असते, शीट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. तिच्यावर रॉकेल बसलं की नुसत्या पुसण्याने जात नाही. लिक्विड साबण दोन थेंब, भरपूर पाण्याने खळबळून, शेवटचं पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड. धुण्याची पावडर मात्र नको, तिच्यात सोडा असतो. सोड्याची पुसट साय काचेवर राहिली तर फ्यूज होताना तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. मुद्दाम बुडबुडे आणायचे असतात तेव्हा लोक दोन काचांत खाण्याचा सोडा भुरभुरवतात ते याचसाठी. बोरवेलचं जड पाणी वाळू दिलं की ठिपके उमटतात, ते फ्यूज झाल्यावर धुरकट दिसतात. सुती फडक्याचे धागेही जळून खुणा ठेवतात, मायक्रोफायबर घ्या.

आता मोठा फुगा. हवेला बाहेर जायला वाट हवी. त्याच शीटचा तुकडा जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडा, चष्मा लावून. 1 ते 1.5 मिमीचे चार कण वेचा आणि खालच्या काचेच्या चार कोपऱ्यांवर, कडेपासून 5 मिमी आत ठेवा. त्यावर वरची काच. आता वरची काच चार कोपऱ्यांवर टेकलेली आहे. मऊ होताना आधी मध्ये वाकते, मध्य टेकतो, मग टेकलेला भाग बाहेर पसरत जातो आणि हवा कडेकडे ढकलली जाते. कडा सगळ्यांत शेवटी मिटतात. कण त्याच काचेचे असल्याने फुल फ्यूजमध्ये दिसेनासे होतात. पण हे साधायला मध्य वाकण्याइतका वेळ मिळायला हवा, आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये 600 ते 720 हा टप्पा अर्ध्या तासात निघून जातो.

ताशी चाळीस:

प्रोग्रॅम माझ्याकडून. फ्लोट 4+4, 30 सेंमी चौरस:

ताशी 120 ने 600, होल्ड 15 मिनिटं
ताशी 40 ने 690, होल्ड 60 मिनिटं
ताशी 220 ने 825, होल्ड 10 मिनिटं
पूर्ण वेगाने 550, होल्ड 60 मिनिटं
ताशी 50 ने 470
ताशी 100 ने 350, मग बंद. 60 च्या खाली आल्याशिवाय झाकण उघडू नये

दुसरी ओळ म्हणजे बबल स्क्वीझ, थरांतली हवा पिळून काढायचा टप्पा, बाकी सगळं नेहमीचं. परदेशी लेखांत स्क्वीझ 620 ते 670 दिलेला दिसतो. तो बुल्सआयसारख्या फ्यूजिंगच्या काचेचा आकडा आहे, ती काच फ्लोटच्या आधी मऊ होते. फ्लोटला 650 ला तासभर धरलं तर वीजबिल वाढतं, काच फारशी वाकत नाही. उलट 720 ला धरलं तर कडा मिटतात आणि वर पांढुरकी साय (काचेचे बारीक स्फटिक) धरायला लागते. 680 ते 700 ही जागा. तुमच्या भट्टीत नेमकी कुठे ते बघण्यासाठी 690 चा होल्ड संपता संपता, डोळ्यांना चष्मा लावून, पीप होलमधून बघा. वरच्या काचेत मागच्या भिंतीचं लाल प्रतिबिंब सरळ दिसत असेल तर अजून वाकलेली नाही. मधोमध वाकडं होऊन कडेला सरळ राहिलं, तर हवं तसं चाललंय. कडाही गोल दिसायला लागल्या तर 10 डिग्री खाली या.

840 वरून 825 ला आणायचं कारण: फुल फ्यूजला तेवढं पुरतं. शेवटचे 15 डिग्री फुग्याला फुगवायलाच मदत करतात. कडा पुरेशी गोल झाली नाही तर तापमान चढवण्याआधी होल्ड 10 चा 15 करून बघा. 690 पासून 825 पर्यंत मात्र रेंगाळायचं नाही, सायीचा पट्टा तोच. संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्या भागात भट्टी रॅम्प धरू शकत नाही आणि कंट्रोलर तिच्यासाठी थांबून राहतो, ताशी 220 च्या जागी 100 चाललेलं असतं. असं असेल तर भट्टी अशा वेळी लावा की हा टप्पा रात्री अकरानंतर येईल.

लोलक:

थोडा वेगळा सूर. स्क्वीझ सगळे सांगतात, पण तावदान यांच्या भट्टीत भिंतींनाही एलिमेंट आहेत. 45 च्या भट्टीत 30 चं पॅनेल म्हणजे कडेपासून भिंत साडेसात सेंमीवर. कडा मध्यापेक्षा आधी तापणार, आधी मऊ होणार, आधी मिटणार. कोपऱ्यातले कण सगळ्यांत आधी बसणार. मग 690 ला दोन तास धरा नाहीतर चार.

आधी भट्टी तपासा. 3 मिमी फ्लोटच्या 2 सेंमी रुंद, 20 सेंमी लांब पाच पट्ट्या कापा. किल्न वॉश लावलेल्या एकसारख्या उंचीच्या विटांच्या तुकड्यांवर, दोन टेकूंत 15 सेंमी अंतर ठेवून, चारही बाजूंना आणि मध्ये एक अशा मांडा. ताशी 150 ने 700, होल्ड 10, बंद. थंड झाल्यावर प्रत्येक पट्टी किती मिमी झोळली ते मोजपट्टीने मोजा. मधली सगळ्यांत जास्त झोळलेली हवी. कडेच्या जास्त झोळल्या असतील तर कंट्रोलरवर बाजूचा गट वेगळा लावता येतो का बघा. काही भट्ट्यांत वरचे आणि बाजूचे एलिमेंट वेगवेगळ्या रिलेवर असतात, तिथे बाजूचे 600 च्या पुढे बंद ठेवता येतात. ते नसेल तर पॅनेलभोवती, काचेला न टेकता 2 सेंमी अंतरावर, 5 सेंमी उंचीची सिरॅमिक फायबर बोर्डाची चौकट उभी करा. भिंतीतून थेट येणारी आच अडते, वरची पोचते. बोर्ड कापताना मास्क.

शेल्फ तळावर थेट ठेवत असाल तर 25 मिमीच्या टेकूंवर उचला. खालून गार राहिलेली शेल्फ हेही असमान तापण्याचं कारण असतं.

आणि फायबर पेपर. प्रश्न संपतो हे अर्धं खरं. 3 मिमी फायबर पेपर सच्छिद्र असतो, काचेखालची हवा त्यातून बाजूने निघते, शेल्फचा खड्डाही झाकला जातो. तुमच्या भोक पडलेल्या पॅनेलला तो औषध आहे. दोन थरांमधल्या फुग्याशी त्याचा काही संबंध नाही. वापरण्याआधी रिकामा भाजून घ्या, 700 पर्यंत, झाकण फटभर उघडं. त्यातला बाइंडर जळतो, धूर येतो, खोली हवेशीर ठेवा. भाजल्यावर तो कापसासारखा नाजूक होतो. पाठीला त्याची जाळीदार खूण उमटते. ती नको असेल तर वर अॅल्युमिना हायड्रेट कोरडाच, बारीक गाळणीने, कागद दिसेनासा होईल इतका चाळा आणि सपाट पट्टीने हलक्या हाताने ओढून घ्या.

ताशी चाळीस:

भिंतीच्या एलिमेंटचा मुद्दा पटला. तसं असेल तर दुसरी ओळ ताशी 40 ऐवजी 25 करा. वेग जितका कमी तितका कडा आणि मध्य यांच्यातला फरक कमी. पण फायबर बोर्डाची चौकट आधी, वेग नंतर.

गारगोटी:

याच धाग्यात विचारते. माझ्याकडे बुल्सआय, सीओई (तापल्यावर प्रसरण पावण्याचा आकडा) 90, 3 मिमी शीट. 20 सेंमीचा गोल, एकच थर पारदर्शक, वर रंगीत फ्रिट (काचेचा चुरा). भट्टीत फक्त झाकणाला एलिमेंट, शेल्फवर थिनफायर कागद. तरी खालून एक मोठा फुगा, आणि फ्रिट जिथे जाड तिथे सोडावॉटरसारखे बारीक बुडबुडे. तापमान 815, होल्ड 15.

भट्टीपाशी:

ताई, इथे दोष एका थराचा आहे. पूर्ण वितळायच्या तापमानाला काच 6 मिमी जाड व्हायला बघते. 3 मिमीचा एकच थर असला की ती कडेने आत खेचली जाते, कड जाड आणि जड होऊन शेल्फला चिकटून बसते आणि मध्य पातळ. आतली हवा जाणार कुठे? ती पातळ मध्यातून वर येते. एका थराला फुल फ्यूज द्यायचा नाही, 740-750 ला टॅक फ्यूजवर, म्हणजे नुसतं चिकटण्यापुरतं, थांबायचं. फुल फ्यूजच हवा असेल तर दोन थर घ्या.

फ्रिटचे बारीक बुडबुडे पूर्ण जात नाहीत. दाणा जितका बारीक तितके बुडबुडे जास्त, पण लहान. भरड फ्रिटमध्ये मोजके आणि मोठे. पारदर्शक रंगात दिसतात, अपारदर्शकात लपतात. फ्रिट दोन काचांच्या मध्ये घालू नका, वरच ठेवा, म्हणजे निदान वरून सुटायला वाट राहते. ढीग न करता पसरा, आणि जाडी हवी तर दोन भाजण्यांत चढवा. पावडर आणि भरड मिसळू नका, पावडर भरड दाण्यांच्या फटी बुजवून टाकते.

थिनफायरचे दोन तुकडे एकमेकांवर येऊ देऊ नका, जोडाला भिडवून ठेवा. त्यातला जळणारा भाग 400 च्या आसपास जातो, तोवर झाकण बोटभर उघडं.

दोन थर, 3+3, सीओई 90: ताशी 200 ने 600, ताशी 50 ने 665, होल्ड 40, ताशी 330 ने 804, होल्ड 10, पूर्ण वेगाने 482, होल्ड 60, ताशी 55 ने 371, बंद. ओशनसाइड कंपनीची सीओई 96 वाली काच असेल तर 482 च्या जागी 510. दोन्ही काचा एका पॅनेलमध्ये मिसळायच्या नाहीत, आणि फ्लोट तर यांच्यापैकी कशाबरोबरच नाही.

तावदान:

खडू बंद. साधी फॉइल आणि अॅल्युमिना हायड्रेट मागवलंय, पट्ट्यांची चाचणी आधी करतो. शेवटचं एक: फुगलेली पॅनेलं वाचवता येतील का? नक्षी चांगली जमलीय.

सव्वासूत:

भोक पडलेलं सोडून द्या. दोन थरांत फुगा असलेली वाचतात, फुगा रंगाच्या किंवा तांब्याच्या अगदी वर नसेल तर.

फुग्याच्या माथ्यावर 1.5 मिमीच्या डायमंड बिटने भोक पाडा. काच पाण्याखाली किंवा भोकाभोवती पुट्टीचा बांध घालून पाणी भरून, वेग कमी, दाब जवळजवळ नाही. माथा पातळ असला तर कापडाच्या उशीवर ठेवा. मोठ्या फुग्याला दोन भोकं, शेजारी शेजारी, म्हणजे एक बुजलं तरी दुसरं चालू. आत पाणी शिरतं, म्हणून 110 च्या ओव्हनमध्ये चार-पाच तास वाळवा, भोक खाली करून. मग भोक वर ठेवून भट्टीत.

आता ही 8 मिमीची एकसंध काच आहे, दोन सुट्या नाहीत, म्हणून पहिला चढ ताशी 80, 550 पर्यंत. पुढे ताशी 40 ने 700, होल्ड 45: घुमट खाली बसतो आणि हवा भोकातून जाते. मग ताशी 220 ने 820, होल्ड 10. उतार वरच्यासारखाच. भोकाच्या जागी ठिपक्याएवढा खळगा राहिला तर त्याच फ्लोटची खलात कुटून चाळलेली पूड भाजण्याआधी तिथे उंचवट्यासारखी ठेवायची. पूड लोखंडी खलातली असेल तर तिच्यावरून चुंबक फिरवून घ्या, नाहीतर काळे ठिपके येतात.

फ्लोट दुसऱ्यांदा भाजली की साय धरण्याची शक्यता वाढते. टाकणखाराचं पातळ द्रावण, एक चमचा कपभर गरम पाण्यात, गाळून, स्प्रेने वरच्या बाजूला एकसारखं, वाळू देऊन मग भट्टीत. थेंब ओघळले तर पुसून पुन्हा मारा, ओघळ भाजल्यावर दिसतात.

गरम भट्टी उघडून सळईने फुगा फोडायचा व्हिडिओ कुठे पाहिला असेल तर तो तुमच्या भट्टीत करू नका. उघड्या एलिमेंटला सळई लागली तर करंट थेट हातात.

लोलक:

भोक पाडण्याआधी पॅनेल दोन पोलरायझिंग फिल्टरमध्ये धरून बघा, म्हणजे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन आणि समोर कॅमेऱ्याचा फिल्टर. फुग्याभोवती किंवा तांब्याभोवती पांढरा झगझगीत पट्टा दिसला तर आत ताण आहे, ड्रिल लावताच तडा जाईल. तसं असेल तर आधी फक्त 550 पर्यंत ताशी 60 ने नेऊन दोन तास धरा, ताशी 30 ने 450 पर्यंत उतरवा, बंद. थंड झाल्यावर ड्रिल.